पुरुषांच्या तक्रारी आणि अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवर आलेला पानभर लेख वाचला. निम्मा लेख चांगला आहे. फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू, शरीरात कुठून येतात, त्यांना आवरणारी अँटिऑक्सिडंटची यंत्रणा तोकडी पडली की होणारा ताण, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, काय करतो, हे लेखकाने सोप्या भाषेत आणि फारशा चुका न करता सांगितलंय. उरलेल्या निम्म्यात मात्र लेखाची जाहिरात झाली आहे. इतकं व्हिटॅमिन ई, इतकं सेलेनियम, जोडीला झिंक, एल-कार्निटिन, लायकोपीन. 'तीन महिने नियमित घ्या, फरक जाणवेल'. आणि शेवटी ठळक अक्षरांत 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत'. मधुमेह एका ओळीत उरकलाय, सिगारेट अर्ध्या ओळीत. डॉक्टरांकडून तपासून घ्या, हे वाक्य तर शोधूनही सापडलं नाही.

मी वीर्यतपासणी करणारी तंत्रज्ञ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू मोजणं हे माझं रोजचं काम. हे काम बाई करते म्हटल्यावर काही जण अजूनही अवघडतात, डबी देताना जमिनीकडे बघतात. नमुना किती वाजता घेतला, आधीच्या वीर्यपतनानंतर किती दिवस गेले, थोडा सांडला का, असं मी एका सुरात विचारत गेले की त्यांच्या लक्षात येतं, या बाईला फक्त नमुन्याशी देणंघेणं आहे. मग हळूहळू बोलायला लागतात. डॉक्टरांना न सांगितलेलं बरंच काही माझ्या टेबलापाशी सांगितलं जातं, आणि हल्ली त्यात 'मॅडम, मी अँटिऑक्सिडंट सुरू केलंय' हे हमखास असतं. आपला लेख आल्यापासून तर कात्रण घेऊन येणारेही आहेत. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल.

आधी जे खरं आहे ते. शुक्राणूला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा त्रास होतो यात वाद नाही, आणि ही माहिती आजची नाही. १९४३ साली जॉन मॅक्लिऑड या संशोधकाने माणसाचे शुक्राणू भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवून पाहिले, तर त्यांची हालचाल मंदावली. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) त्यात घातलं की हालचाल टिकायची. म्हणजे दोष हायड्रोजन पेरॉक्साइडकडे जात होता. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' ही संज्ञा रूढ झाली १९८५ नंतर; माझ्या टेबलावरच्या या पेशीची गोष्ट त्याच्या चाळीसेक वर्षं आधीची.

शुक्राणूच का सापडतो, हे त्याच्या बांधणीतच आहे. त्याचं आवरण लवचीक असावं लागतं, म्हणून त्यात बहुअसंतृप्त स्निग्धाम्लं भरपूर असतात आणि नेमकी तीच फ्री रॅडिकलच्या तावडीत आधी सापडतात. इतर पेशींच्या पोटात बचावाची विकरं असतात. शुक्राणू तयार होताना पोटातला बहुतेक ऐवज टाकून देतो, डोकं आणि शेपटी घेऊन निघतो, त्यामुळे स्वतःचं संरक्षण जेमतेम. डीएनए तुटला तर दुरुस्त करण्याची सोयही त्याच्याकडे जवळपास नाही. त्याला सांभाळतो तो भोवतीचा वीर्यद्रव.

हे मला रोज दिसतं. नमुना आला की आधी तो पातळ होऊ द्यावा लागतो. ताजं वीर्य घट्ट असतं, साधारण अर्ध्या तासात सैलावतं, तासाभरात नाहीच सैलावलं तर तशी नोंद करायची. मग थेंबभर काचेवर. काही शुक्राणू सरळ सुटलेले, काही जागच्या जागी गोल फिरणारे, काही नुसती शेपटी हलवणारे, काही निपचित. या गर्दीत मधूनच गोल पेशी दिसतात. त्यातल्या काही अजून न पिकलेल्या शुक्रपेशी असतात, काही पांढऱ्या पेशी. नुसत्या नजरेला दोन्ही सारख्याच, म्हणून पेरॉक्सिडेजचा रंग घालून बघतो. रंग घेतील त्या पांढऱ्या. एका मिलिलिटरमध्ये अशा दहा लाखांहून जास्त निघाल्या की रिपोर्टात वेगळी नोंद जाते. जंतू मारण्यासाठी सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल बनवणं हेच या पेशींचं काम, आणि एक चवताळलेली पांढरी पेशी शुक्राणूपेक्षा कित्येक पटींनी जास्त फ्री रॅडिकल सोडते. तेव्हा असा नमुना बघताना प्रश्न पडायला हवा तो हा, की या पेशी आल्या कशाने? संसर्ग आहे का, प्रोस्टेटला सूज आहे का? रिपोर्ट घेताना 'मग व्हिटॅमिन ई वाढवू का?' असं विचारणाऱ्याला मी हेच सांगते, की आधी डॉक्टरांना या ओळीबद्दल विचारा.

आपल्या लेखकाने फ्री रॅडिकलला लोखंडावरच्या गंजाची उपमा दिली आहे. उपमा सोपी आहे, पण तिथेच गाडी घसरली. गंजाचा लोखंडाला काडीचा उपयोग नसतो. शुक्राणूला मात्र थोडे फ्री रॅडिकल लागतातच. स्त्रीच्या शरीरात गेल्यावर शुक्राणूत जे बदल होतात, ज्यामुळे त्याची शेपटी जोरात चालायला लागते आणि तो बीजांडाच्या आवरणात शिरू शकतो, त्या बदलांना याच रेणूंचा थोडा डोस हवा असतो. सगळेच पुसून टाकले तर काम अडतं. अँटिऑक्सिडंटचा अतिरेक झाल्यावर होणाऱ्या बिघाडालाही नाव आहे, रिडक्टिव्ह स्ट्रेस. ते कॅप्सूलच्या कुठल्याच डबीवर छापलेलं मी पाहिलं नाही.

आता 'तीन महिने घ्या, फरक जाणवेल' याबद्दल. हे वाक्य इतकं हुशार आहे की ते लिहिणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. एक तरुण आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते आहे). पहिल्या तपासणीत शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला नव्वद लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा १ कोटी ६० लाख, म्हणजे त्याचा आकडा बराच कमी. हालचालही रेंगाळलेली. रिपोर्ट हातात पडल्यावर त्याचा चेहरा असा उतरला की मीच त्याला बसायला सांगितलं. त्याने भरलेला फॉर्म माझ्यासमोर होता. 'गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का?' या रकान्यात त्याने स्वतःच 'हो, आठवडाभर, १०३ पर्यंत' असं लिहिलेलं. मी त्याला तेवढं दाखवलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा या म्हटलं. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढे नळीतून येण्याचे दिवस वेगळे. वृषणं शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावीत अशी रचना असते. आठवडाभराचा मोठा ताप त्या कारखान्याला चांगलाच झोंबतो, आणि त्याचा परिणाम काही आठवड्यांनी डबीत दिसतो. तीन महिन्यांनी तो आला, आकडा नॉर्मल. मधल्या काळात त्याने रोज दोन कॅप्सूल घेतल्या होत्या. 'जादू आहे हो मॅडम, मित्रालाही सांगितलं,' म्हणाला. ताप उतरल्यावर जे आपोआप होणार होतं त्याचं श्रेय कॅप्सूलना गेलं, आणि आता त्या मित्राचाही खर्च सुरू झाला.

ताप नसला तरीही हेच होतं. एकाच माणसाचे दोन नमुने दोन आठवड्यांत दुपटीने वेगळे निघू शकतात. खराब रिपोर्ट पाहून औषध सुरू करणारा माणूस त्याच्या सगळ्यांत वाईट आकड्यावर सुरुवात करतो, तेव्हा पुढचा आकडा बरा येण्याची शक्यता तशीही जास्तच. म्हणून एकाच रिपोर्टावर निदान करू नका असं सांगतात, आणि म्हणूनच औषध खरंच चालतं का हे बघायला अर्ध्या लोकांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी द्यावी लागते.

तसे मोठे प्रयोग झालेले आहेत. आपल्या लेखात त्यांचा मागमूस नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक दिलं. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. औषध घेणाऱ्यांच्या गटात मूल झालं ३४ टक्के जोडप्यांना, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के. वर आणखी एक गंमत. शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे होण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत कमी होण्याऐवजी किंचित जास्तच निघालं, २९.७ टक्के विरुद्ध २७.२. पोटदुखी आणि मळमळही याच गटात जास्त. त्याच वर्षी दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात तर आपल्या लेखातली जवळजवळ अख्खी यादीच एका गोळीत होती: व्हिटॅमिन सी आणि ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक अ‍ॅसिड, लायकोपीन. तीन महिन्यांनी शुक्राणूंच्या हालचालीत, आकारात, डीएनएच्या तुकड्यांत फरक नाही. मूल झालं गोळी घेणाऱ्यांत १५ टक्के जोडप्यांना, न घेणाऱ्यांत २४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, त्यामुळे गोळीने नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. फायदा दिसला नाही, इतकं नक्की म्हणता येईल.

लहान लहान अभ्यासांत फायदा दिसलेला आहे, हेही सांगायला हवं. त्यातले बरेच कच्चे आहेत, आणि कच्चे बाजूला काढले की फायदा विरत जातो. एखाद्या विशिष्ट रुग्णाला, तपासून, ठरावीक मुदतीसाठी डॉक्टरांनी दिलं तर माझी हरकत असण्याचं कारण नाही. हरकत आहे ती पेपरातून सरसकट वाटण्याला.

आणि 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत' याला तर माझी सक्त हरकत आहे. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का हे पाहण्यासाठी पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर एक प्रयोग झाला होता. रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये पुढची आकडेवारी आली तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेतलेल्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. हाच डोस कित्येक डब्यांवर असतो, आणि आपल्या लेखातही हाच आहे. लेख पुरुषांसाठीच होता ना?

ताठरतेबद्दल लेखात दोन परिच्छेद आहेत आणि तिथेही रसायनशास्त्र बरोबर, निष्कर्ष उलटा. ताठरता येते ती नायट्रिक ऑक्साइडमुळे. हा वायू मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून सुटतो, त्याने वाहिनीभोवतीचा स्नायू सैलावतो, रक्त आत येतं आणि कोंडलं जातं. रक्ताभिसरणातल्या त्याच्या या कामाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्रा या ताठरतेच्या गोळीला, अमेरिकेत मान्यता मिळाली. सुपरऑक्साइड या नायट्रिक ऑक्साइडला भेटलं की दोघांची क्षणार्धात पेरॉक्सिनायट्राइट बनून वाट लागते. ही क्रिया इतकी वेगवान आहे की रक्तातलं व्हिटॅमिन सी तिथे पोचेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. रक्तात साखर सतत जास्त राहिली की वाहिनीच्या अस्तरात सुपरऑक्साइड तयार होत राहतं, आणि पुढे पुढे तर नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकरच बिथरतं आणि स्वतःच सुपरऑक्साइड बनवायला लागतं. सिगारेट, वाढलेलं ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, पोटावरची चरबी, सगळ्यांचा रस्ता याच अस्तरातून जातो. सिल्डेनाफिल नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही, त्याने सुरू केलेला निरोप मोडू देत नाही एवढंच. मुळात नायट्रिक ऑक्साइडच सुटलं नाही तर गोळी तरी काय करणार? मधुमेहाच्या रुग्णांत ती पुष्कळदा कमी चालते, त्यामागे हेही एक कारण आहे.

कात्रण घेऊन आलेल्यांपैकी एकांचं सांगते. पन्नाशीतले गृहस्थ, कपडे व्यवस्थित, बोलणं अगदी हळू. 'ती ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची टेस्ट करायची आहे.' म्हटलं, काका, मूल हवंय का? नाही, मुलं मोठी आहेत. मग? बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले आणि म्हणाले, वर्षभर जमत नाहीये. वीर्यातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजणाऱ्या तपासण्या आहेत, पण त्या शुक्राणूंसाठी, ताठरतेशी त्यांचा संबंध नाही. आणि शुक्राणूंसाठीही जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत त्या नेहमीच्या तपासण्यांत नाहीत, प्रगत म्हणून मागच्या प्रकरणात आहेत. ते पैसे वाचवा म्हटलं, आणि शेजारच्याच टेबलावर रक्त द्यायचं का, असं विचारलं. शेवटची साखर कधी तपासली? त्यांना आठवेना. रात्री लघवीला किती वेळा उठता? तीन-चार, पण ते वयामुळे, म्हणाले. सिगारेट? 'कमी केलीय.' एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९ च्या पुढे आलं; ६.५ ला मधुमेह म्हणतात. त्यांच्या खिशातल्या कागदाच्या पुडीत आधीच एका कॅप्सूलच्या दोन पट्ट्या होत्या, त्यातली एक संपलेली.

ते वर्षभर कॅप्सूल खात राहिले असते तर साखर तशीच राहिली असती. आणि प्रश्न नुसता साखरेचाही नाही. लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर व्यासाच्या, हृदयाच्या तीन ते चार. अस्तर सगळीकडे सारखंच बिघडत असतं, पण बारीक नळीत अडचण आधी कळते. छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झालेली अनेक हृदयरुग्णांच्या इतिहासात सापडते. चाळिशीपुढच्या माणसाला ही तक्रार नव्याने सुरू झाली तर साखर, ब्लडप्रेशर, लिपिड आणि गरज पडल्यास हृदयाची तपासणी व्हायला हवी. पुरवणीत या एका गोष्टीला ठळक चौकट मिळाली असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

तरुणांचं बहुधा वेगळं असतं. पहाटे ताठरता येते, एकटं असताना येते, आणि नेमक्या वेळी जात नाही ना या धास्तीनेच जाते. त्याला अस्तर, सुपरऑक्साइड वगैरे सांगून आणखी घाबरवण्यात अर्थ नाही. समुपदेशकाकडे दोन-चार वेळा जाऊन सुटणारा प्रश्न असतो तो.

लेखात 'वनस्पतिजन्य असल्याने सुरक्षित' अशा पुड्यांचीही भलामण आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त म्हणून ७७६ पूरक उत्पादनं जाहीर केली. त्यातली ३५३ लैंगिक शक्ती वाढवणारी होती, आणि भेसळ बहुतेक वेळा सिल्डेनाफिलची किंवा त्याच्या भावंडांची. 'नैसर्गिक' पुडीने गुण का येतो याचं कोडं इथे सुटतं. ज्याला छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू आहे त्याने नकळत अशी पुडी घेतली तर ब्लडप्रेशर धाडकन खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी सिल्डेनाफिल लिहून देताना 'नायट्रेट चालू आहे का' हे विचारलं असतं. पुडी विकणारा विचारत नाही.

मग करायचं काय, असं काका लोक मला विचारतात. मी डॉक्टर नाही, पण छापून आलेलं सांगू शकते. ताठरतेची तक्रार असलेल्या ११० स्थूल पुरुषांवरचा एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना वजन उतरवायला आणि व्यायामाला नीट मार्गदर्शन दिलं, अर्ध्यांना जुजबी माहिती. दोन वर्षांनी मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश पुरुषांची तक्रार गेली होती. चालण्याने अस्तराला पुन्हा नायट्रिक ऑक्साइड बनवायची सवय लागते. आणि इथे आपल्या लेखकाला न पटणारी एक गोष्ट: व्यायाम करणाऱ्या तरुणांना २००९ च्या एका अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई दिलं, तर व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारायला हवं होतं ते सुधारलंच नाही. ज्यांना जीवनसत्त्वं दिली नाहीत त्यांचं सुधारलं. व्यायामात तयार होणारे थोडे फ्री रॅडिकलच शरीराला सुधारायचा इशारा देतात, आणि गोळ्यांनी तो इशारा दाबला, असा संशोधकांचा अर्थ.

शुक्राणूंच्या बाबतीत तर कितीतरी वेळा कारण हाताला लागतं, शब्दशः. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणावरच्या फुगलेल्या नीला, साधारण शंभरात पंधरा पुरुषांना असतात, मूल न होणाऱ्यांत पस्तीस ते चाळीस जणांना. तिथली उष्णता आणि साचलेलं रक्त यामुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, आणि डॉक्टरांनी पेशंटला उभं करून हाताने तपासलं की मोठं व्हेरिकोसील लगेच कळतं. पण माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना कोणी हात लावून तपासलेलंच नसतं. बायकोच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या, नळ्यांच्या सगळ्या तपासण्या होऊन गेलेल्या असतात. नवऱ्याची डबी सगळ्यांत शेवटी येते, तीही सासूला न कळवता. सिगारेट ओढणाऱ्याचा नमुना, व्यायामशाळेत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्याचा नमुना (यात पुष्कळदा एकही शुक्राणू सापडत नाही, आणि पठ्ठ्याला वाटत असतं पौरुष वाढतंय), यांना कॅप्सूल काय करणार आहे?

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या पुरवणीत त्या लेखाचा खुलासा छापावा. 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य मागे घ्यावं आणि व्हिटॅमिन ई व प्रोस्टेटचा उल्लेख करावा. हृदयाची औषधं घेणाऱ्यांनी लैंगिक शक्तीची कुठलीही पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे छापावं. आणि नव्याने तक्रार सुरू झालेल्यांनी साखर व ब्लडप्रेशर तपासून घ्यावं, हेही. लेखकाने यादीतल्या उत्पादनांशी आपला काही संबंध आहे किंवा नाही हे सांगितलं तर वाचकांना बरं पडेल. लेखाखाली त्याच गोळ्यांची पाव पान जाहिरात होती, म्हणून विचारते.

पत्र छापलंत तर माझं आणि प्रयोगशाळेचं नाव देऊ नये. इथे येणाऱ्या कोणाला आपण पेपरात आलो असं वाटलं तर तो पुढच्या तपासणीला यायचा नाही.

आपली,
एक वीर्यतपासणी तंत्रज्ञ